साखळदंडाचा हिशेब

वेडाच्या भरात स्वतःवर वा दुसऱ्यावर हात टाकणाऱ्या रोग्यास प्रसंगी बळाने आवरावे लागते, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न एवढाच, की हे बळ सर्वांवर एकाच मापाने चालते काय? इंग्रजी अमलात मापे दोन होती. कंपनीच्या चाकरीतील गोऱ्या वेड्यांस विलायतेस पाठवून पेम्ब्रोक हाउसमध्ये ठेवीत. रांची येथे १९१८ साली युरोपियनांकरिता स्वतंत्र रुग्णालय निघाले. हिंदी रोग्यांचे वेगळे रुग्णालय १९२५ साली आले. रोग एकच, पण कातडी पाहून खाट ठरे.

ते राज्य गेले म्हणून भेदही गेला असे मानणे भोळेपणाचे होय. खुद्द इंग्लंडात काळ्या लोकांस गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक प्रमाणात सक्तीने दाखल केले जाते, असे २०१८ साली तेथील सरकारी समीक्षेतच नमूद झाले. २०१० साली ओलासेनी लुईस हा काळा तरुण लंडनच्या मनोरुग्णालयात अकरा पोलिसांनी दाबून धरल्यानंतर मरण पावला. त्याच्या आईबापांच्या झगड्यातून २०१८ चा कायदा झाला. त्यान्वये बळाच्या वापराची नोंद रोग्याच्या वंशासह ठेवावी लागते व वार्षिक आकडे प्रसिद्ध होतात.

आमचा कायदाही दुबळा नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे कलम ९५ साखळदंडास सर्वस्वी मनाई करते. कलम ९७ अन्वये तत्काळ इजा टाळण्याचा अन्य उपाय नसेल तरच रोग्यास बांधता येते. शिक्षा म्हणून कदापि नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीस चोवीस तासांत कळवावे लागते, व मंडळाकडे दरमहा अहवाल जातो. कलम १८ जात, धर्म व वर्ग यांवरून भेद करण्यास मनाई करते. मात्र कलम ९७ मध्ये बांधलेल्या रोग्याची जात वा वर्ग नोंदविण्याची आज्ञा नाही. ज्या वहीत खातेदारच वेगळे दिसत नाहीत, तिच्यावरून कोणावर किती बोजा पडला हे कोणता व्यापारी सांगू शकेल?

जात लिहिल्याने जातिभेद वाढेल, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर महाडातच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. तरीही ते पाणी पिण्यास २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. कागदावरील समता व ओंजळीतील समता यांतील अंतर मोजल्यावाचून कमी होत नाही. रोग जात पाहत नाही हे खरे. बांधणारा हात पाहत नाही, हे मात्र सिद्ध व्हावयाचे आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांनी कोणास, किती वेळ व कोणत्या कारणाने बांधले याचे जातवार व वर्गवार आकडे, रोग्यांची नावे गुप्त राखून, दरसाल प्रसिद्ध करावेत. महाड-पोलादपूरच्या पेठेतील व कापड्यासारख्या गावांतील ज्या घरांचा माणूस तेथे दाखल आहे, त्यांनी प्रतिनिधी या नात्याने चोवीस तासांच्या खबरीचा आपला हक्क लेखी मागावा. गरिबाचा माणूस दूर असतो, म्हणून तो बेवारस ठरत नाही.