झाकण उघडून दाखवा

क्विक हीलचे संस्थापक श्री. कैलास काटकर आणि श्री. संजय काटकर यांना खुले पत्र



मी वारज्याच्या माळवाडीत राहणारा एक निवृत्त माणूस. घरात एक जुना डेस्कटॉप आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या त्यावर निघतात, बायकोच्या भिशीचा हिशेब त्यात असतो, नातीचे शाळेचे प्रोजेक्ट होतात आणि महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा झालं का, तेही त्यावरच पाहतो. त्याच्या अँटिव्हायरसची मुदत पंधरा दिवसांत संपते आहे. हे मला विसरूच दिलं जात नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून रोज सकाळी एक लाल चौकट वर येते आणि तुमचा संगणक धोक्यात आहे, असं दरडावते. रिन्यू करण्याचं बटण ठळक हिरवं. नको म्हणायचं असेल तर खाली करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ असते, तिचा मथितार्थ असा : ‘मला माझ्या सुरक्षेची पर्वा नाही.’ शिवाय पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेल्या लायसन्ससाठी दुसऱ्या वर्षी दुपटीहून जास्त पैसे. ही कंपनी तुमची नाही, आणि तिचं नाव इथे महत्त्वाचंही नाही. रखवालदार बदलायचा, एवढं मी ठरवलं आहे. नवा कोण, हे ठरेना, म्हणून हे पत्र.

आधी आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्या मुलाला विचारलं. मशीन हँग झालं, फॉरमॅट मारायचं असलं, झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमुळे सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, की आम्ही त्याच्याकडेच जातो. त्याने ड्रॉवर उघडला आणि एक खोका काढला. ‘काका, हा टाका. चांगला आहे.’ चांगला म्हणजे काय, विचारलं. ‘सगळे हाच टाकतात.’ त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात खोका पडतो, त्यावर ढालीचं चित्र असतं आणि मागच्या बाजूला पंधरा हिरव्या टिकमार्कांची यादी. आत काय आहे, हे त्याला तरी कुणी सांगितलंय?

तुम्हाला लिहावंसं वाटलं ते या मुलामुळेच. कैलासराव, तुम्ही दहावीनंतर शाळा सोडलीत आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करत उभे राहिलात, ही गोष्ट पुण्यात बहुतेकांना माहीत आहे. मंगळवार पेठेतल्या छोट्याशा जागेत दुरुस्तीचं दुकान होतं. संजयराव मॉडर्न कॉलेजात संगणक शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, ते काढायला त्यांनी प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ साली त्यातून क्विक हील बाहेर आलं. २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. योगायोग पाहा. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात, तो ‘ब्रेन’ही दोन भावांचाच. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी तो लिहिला आणि त्याच्या पोटात आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही ठेवला. हल्लीच्या चोरांकडून एवढ्या सभ्यतेची अपेक्षा नाही.

दुरुस्तीवाल्याची एक सवय मात्र मला सगळ्यांत मोलाची वाटते. तो गिऱ्हाइकासमोर झाकण उघडतो. ‘हे बघा, हा भाग जळलाय, एवढाच बदलू, बाकी ठीक आहे.’ गिऱ्हाइकाला सर्किट कळत नाही, पण जळलेलं काळं टोक दिसतं आणि बिल पटतं. अँटिव्हायरसच्या धंद्यात हे झाकण कुणी उघडत नाही. आम्ही भीती विकत घेतो आणि निर्धास्तपणा पदरात पडला असं समजतो. तुम्ही काउंटरच्या त्या बाजूने आलेले आहात. झाकण उघडायचं तर पहिल्यांदा तुम्ही उघडावं. माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली. फुकटच्या रखवालदाराबद्दल खरं सांगा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, मशीनमध्येच असतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपोआप बाजूला होतो, कारण एका दारावर दोन राखणदार ठेवले तर ते एकमेकांनाच अडवतात. मग पैसे भरून मला जास्तीचं काय मिळतं? बँकेच्या व्यवहाराला वेगळं संरक्षण, पोरांच्या वापरावर लगाम, अडचण आली की फोन उचलणारा माणूस? यातलं काही असेल तर ते लिहा. आणि कुणाला घेण्याची गरज नाही, हेही लिहा. निव्वळ पत्रं टाइप करणाऱ्या, विंडोज वेळच्या वेळी अपडेट करणाऱ्या, अनोळखी फाइल न उघडणाऱ्या माणसाला डिफेंडर पुरत असेल तर ‘पुरेल’ म्हणा. अँटिव्हायरस प्रो, इंटरनेट सिक्युरिटी, टोटल सिक्युरिटी असे तुमचे तीन खोके दुकानात शेजारी शेजारी असतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला कोणता लागेल आणि कोणता उगाच महाग पडेल, हे विकणाऱ्यानेच सांगितलं तर त्याच्यावर आयुष्यभराचा विश्वास बसतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रासाठी बॉट काढण्याचं मोफत साधन तुमच्या कंपनीने दिलं होतं. तेव्हा फुकट काही देणं तुम्हाला जड आहे, असं मी मानत नाही.

दुसरी. रखवालदाराला घरात काय काय दिसतं आणि त्यातलं बाहेर काय जातं, ते सांगा. घरात इतक्या आतवर जाणारा दुसरा प्रोग्रॅम नाही. प्रत्येक फाइल तो उघडून पाहतो आणि मी कुठल्या वेबसाइटवर गेलो, तेही त्याला कळतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अव्हास्ट या जगप्रसिद्ध कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कारण, संरक्षणाच्या नावाखाली गोळा केलेला लोकांच्या ब्राउझिंगचा तपशील तिच्या उपकंपनीमार्फत विकला गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेने रशियाच्या कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या अनेक ग्राहकांनी मशीन सुरू केलं, तर कॅस्परस्की गायब आणि त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा भलताच प्रोग्रॅम बसलेला. मालक झोपेत असताना राखणदारच बदलला गेला. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तिथे चोर आलाच नव्हता, राखणदारच दारात अडखळून पडला होता. कंपनी देशी की परदेशी, हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. पुण्याची कंपनी म्हणून मला जवळीक वाटते, पण जवळीक म्हणजे हिशेब नव्हे. माझ्या मशीनमधून कोणती माहिती तुमच्या सर्व्हरवर जाते, किती दिवस राहते आणि ते बंद करायचं बटण कुठे आहे, हे अर्ध्या पानात, वकिलाच्या भाषेत नव्हे तर मराठीत लिहा.

तिसरी. दुसऱ्या वर्षाची किंमत पहिल्याच दिवशी सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर केली आणि त्यांना मनाई केली. त्यात खोटी घाई करणं आहे, नको म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, पुन्हा पुन्हा टुमणं लावणं आहे, बाहेर पडता येणार नाही अशा वर्गणीत अडकवणं आहे. आणि शेवटची क्लृप्ती तर थेट तुमच्या धंद्याच्या उंबऱ्यावरची आहे : मशीनमध्ये व्हायरस आहे असं खोटंच सांगून पैसे भरायला लावणं. ती यादी वाचताना मला माझी लाल चौकट आठवली. तुमच्याकडून एवढंच हवं की खोक्यावर दोन आकडे शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरांत असावेत : आजचा भाव आणि पुढच्या वर्षीचा भाव. आणि वर्गणी थांबवणं हे ती सुरू करण्याइतकंच सोपं असावं.

चौथी मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुमचा प्रोग्रॅम काय करू शकत नाही, ते मोठ्या अक्षरांत सांगा. माझा संगणक विंडोज १० वर चालतो. त्याचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरच्या ग्राहकांना नावनोंदणी करून वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण ती उपलब्ध आहे हेच अनेकांना ठाऊक नाही. भिंतीला भगदाड असेल तर राखणदाराने रात्रभर जागून ते बुजत नाही. तुमचा प्रोग्रॅम अशा जुन्या मशीनवर बसताना पहिल्यांदा हेच सांगेल का : ‘आधी विंडोजचं बघा, मग माझं’?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चोराने वाट बदलली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच शहरातल्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी झाली, खोटी मंजुरी दिली गेली आणि अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. आमच्या घरचा अँटिव्हायरस कितीही जागा असता, तरी यात त्याला काम नव्हतं. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना आज गाठतो तो फोनवरचा आवाज. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करतो, नाहीतर वीज तोडण्याची धमकी देतो, नाहीतर लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवतो. स्क्रीन दाखवणारं अॅप त्याच्या सांगण्यावरून आम्हीच टाकतो आणि ओटीपी आम्हीच वाचून दाखवतो. दार आतून उघडलं तर बाहेरच्या राखणदाराने काय करायचं? तुमच्या फाउंडेशनच्या ‘सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा’ या उपक्रमात कॉलेजची मुलं शाळाशाळांत जाऊन हेच समजावतात. मग तेच शहाणपण खोक्यावरही यावं : ‘हा प्रोग्रॅम फोनवरच्या भामट्याला ओळखत नाही. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा.’ एवढी ओळ छापल्याने एखादा खोका कमी खपेल, पण एखाद्याचं पेन्शन वाचेल.

हे सगळं विचारायचा मला काय अधिकार? गिऱ्हाइकाचा, तेवढाच. निवड करताना मी काय पाहिलं, तेही सांगतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळा अँटिव्हायरसांच्या परीक्षा घेतात आणि निकाल जाहीर करतात, हे कळलं. पण त्यांनाही २०१५ मध्ये चिनी कंपनी चीहूची प्रमाणपत्रं मागे घ्यावी लागली, कारण परीक्षेला पाठवलेला प्रोग्रॅम वेगळा आणि ग्राहकांना मिळणारा वेगळा होता. म्हणून निकाल वाचायचे, पण एकाच परीक्षेवर भिस्त ठेवायची नाही. जुन्या मशीनवर आधी महिनाभर मोफत वापरून पाहायचं आणि वेग किती मंदावतो, ते पाहायचं. आपोआप पैसे कापण्याची परवानगी द्यायची नाही. जुना अँटिव्हायरस नीट काढून टाकल्याशिवाय नवा बसवायचा नाही. आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती मशीनपासून सोडवून कपाटात ठेवायची, कारण फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्याला ती एकच प्रत दाद देत नाही. हे शहाणपण मला कुठल्या खोक्याने दिलेलं नाही. पंधरा दिवस वेळ होता, म्हणून ते मिळालं. सगळ्यांकडे एवढा वेळ नसतो.

तूर्त जुन्याची मुदत संपली की मी तो काढून टाकणार आहे आणि काही दिवस डिफेंडरवर राहणार आहे. विंडोजच्या मुदतवाढीची नोंदणीही केली आहे. तुमचा खोका मी घेईन की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे. मात्र उत्तराचं ते एक पान मला पाठवू नका. माळवाडीतल्या त्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये, खोक्यांच्या वर ठेवा. पुढच्या खेपेला कुणी काका-काकू ‘चांगला म्हणजे काय?’ असं विचारतील, तेव्हा त्याला ‘सगळे हाच टाकतात’ असं म्हणावं लागू नये. कॅल्क्युलेटरचं झाकण उघडून दाखवावं तसं ते पान त्याने त्यांच्यासमोर ठेवावं आणि म्हणावं, ‘बघा, तुम्हाला एवढंच लागेल.’

आपला,
माळवाडीतला एक ग्राहक
वारजे, पुणे ५८