दोन मिनिटांचं उड्डाण

गेल्या शनिवारी आमच्या स्कोफिल्ड्सच्या घरामागे बार्बेक्यू होता. नावालाच बार्बेक्यू, खरं म्हणजे पनीर, मक्याची कणसं आणि बायकोने केलेली भरली वांगी. तेवढ्यात डोक्यावरून एक हर्क्युलिस घरघरत गेलं. हवाई दलाचा रिचमंडचा तळ आमच्यापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे हे नेहमीचंच. पण त्यावरून गप्पा विमानांवर गेल्या आणि एक मित्र म्हणाला, "अरे, ती लढाऊ विमानं बघ. करोडोंचा माल, आणि दिवसरात्र नुसती उभी! पायलट पत्ते कुटत बसतात. वर्षातून दोन-चारदा भोंगा वाजतो. केवढा अपव्यय!"

मला ते पटलं नाही. पण वांगी गार होत होती, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. आता घालतो.

मी वाढलो पुण्यात, विश्रांतवाडीला. लोहगावचा तळ जवळच. मी आठवी-नववीत असताना, २००२ मध्ये, तिथे सुखोई-३० एमकेआय आली आणि वर्गात गणिताच्या बाई दर तासाला एकदा तरी हातात खडू धरून गप्प उभ्या राहायला लागल्या. आवाज गेला की पुढचं समीकरण. तेव्हापासून मला एक प्रश्न होता. आमची स्कूटर सकाळी सुरू व्हायला बाबांना दहा किका माराव्या लागतात, मग हे एवढं धूड दोन-पाच मिनिटांत आकाशात जातं कसं?

उत्तर सोपं आहे, पण निराशाजनक. ते दोन मिनिटांत जातच नाही! आपल्याला दिसतात ती फक्त शेवटची दोन मिनिटं.

शत्रूचं किंवा अनोळखी विमान दिसलं की घाईने लढाऊ विमानं वर पाठवायची, याला जगभर 'स्क्रॅम्बल' म्हणतात. त्यासाठी आपल्या हवाई दलात धावपट्टीच्या टोकाशी एक खास जागा असते, तिला 'ओआरपी' म्हणतात. तिथे ठेवलेल्या विमानात इंधन भरलेलं असतं, क्षेपणास्त्रं लावलेली असतात. उड्डाणापूर्वीच्या तपासण्या आधीच झालेल्या असतात, कागदावर सह्यासुद्धा झालेल्या असतात. कॉकपिटमधली बटणं जिथे हवीत तिथे आधीच लावून ठेवलेली असतात. पट्टे असे मांडलेले असतात की बसलं की थेट अंगावर ओढायचे. पायलट शेजारच्या खोलीत, पण जी-सूट चढवूनच बसलेला. भोंगा वाजला की तो धावतो, तंत्रज्ञही धावतात, इंजिन सुरू होतं, शस्त्रांच्या सुरक्षा-पिना काढल्या जातात आणि विमान निघतं. कुठे जायचं, किती उंचीवर, समोर कोण आहे, यातलं बरंचसं त्याला वर गेल्यावर रेडिओवर कळतं. पायलट आत पट्टे बांधूनच बसलेला असेल तर दोन-तीन मिनिटं पुरतात, खोलीत असेल तर पाचेक. नाटोच्या हवाई दलांत शांततेच्या काळात साधारण १५ मिनिटांत हवेत, असा दंडक आहे.

आता थोडं माझ्या धंद्याचं. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही.) माझी पीएच.डी. सेन्सरमधल्या नॉइजवर, म्हणजे मोजमापातल्या खरखरीवर. विमानाला आपण कुठे आहोत आणि उत्तर कुठे आहे हे कळायला जायरो असतात. आणि उत्तर ते कसं शोधतात? पृथ्वीचं फिरणं मोजून! पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याच्याही निम्म्या वेगाने. एवढी मंद गती खरखरीतून वेगळी काढायची, तर विमान स्थिर उभं ठेवून काही मिनिटं सरासरी घ्यावी लागते. यात घाई चालत नाही. जनरल ओरडला म्हणून पृथ्वी जोरात फिरत नाही. मग उपाय काय? हे काम भोंग्याच्या आधीच उरकायचं. विमान उभं असतानाच बाहेरून वीज देऊन मोजमाप पूर्ण करायचं, मिळालेली दिशा साठवायची, आणि त्यानंतर ते विमान कोणी इंचभरही हलवायचं नाही. तर मित्राला जे 'नुसतं उभं' दिसतं, ते विमान उभं राहण्याचंच काम करत असतं.

इंजिनिअर लोकांनी उरलेली मिनिटंही खाऊन बघितली. १९५८ मध्ये अमेरिकेने एफ-१०० विमानाला रॉकेट जोडून ते धावपट्टीशिवाय, थेट ट्रेलरवरून उडवलं. रशियाने मिग-१९ वर असाच प्रयोग केला, पुढे जर्मनीत एफ-१०४ वर झाला. उडाली, सगळी उडाली! पण ही पद्धत रोजच्या वापरात कधीच आली नाही. आणि तसाही खरा वेळ धावपट्टीवर जातच नव्हता.

तो कुठे जातो, याचं एक उदाहरण आमच्या सिडनीतलंच. ३० ऑगस्ट १९५५. बँक्सटाउन विमानतळावर ऑस्टर जातीचं एक छोटं विमान बंद पडलं. पायलटने खाली उतरून हाताने पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं, आणि विमान त्याला खालीच ठेवून उडून गेलं! आत कोणी नाही आणि खाली अख्खं सिडनी. हवाई दलाने एक विरावे विमान पाठवलं, त्यात मागे ब्रेन गन घेतलेला माणूस. जमलं नाही. मग मीटिअर जेट आलं, तर त्याच्या तोफा अडकल्या. शेवटी नौदलाच्या सी फ्युरीने ते भटकं विमान समुद्रावर पाडलं. सी फ्युरी म्हणजे पंख्याचं, जेटच्या आधीच्या पिढीचं विमान. तोवर दोन तासांहून जास्त वेळ गेला होता. गंमत म्हणजे तेव्हा आमच्या स्कोफिल्ड्सलाही विमानतळ होता. १९४२ मध्ये हवाई दलासाठी बांधलेला, १९५३ पासून नौदलाचा 'निरिंबा' तळ. १९९४ मध्ये तो बंद झाला. आज तिथे शिक्षणसंकुल आहे, आणि विमानतळाच्या बऱ्याच जमिनीवर आमच्यासारख्यांची घरं.

लोक ही गोष्ट हसत सांगतात. मला हसू येत नाही. विमानं होती, पायलट होते, शौर्यही होतं. पण शांततेच्या एका सकाळी, अशा कामासाठी तयार असं काहीच उभं नव्हतं.

याची गंभीर बाजू ११ सप्टेंबर २००१. बोस्टनहून निघालेल्या पहिल्या विमानाच्या अपहरणाची खबर अमेरिकन लष्कराला ८:३७ च्या सुमारास मिळाली. ओटिस तळावरच्या दोन एफ-१५ ना ८:४६ ला हुकूम मिळाला, ८:५३ ला ती हवेत होती. हुकमानंतर सात मिनिटं, म्हणजे पायलटांनी आपलं काम चोख केलं. पण ८:४६ लाच ते विमान इमारतीवर आदळलं होतं. त्या दिवशी अख्ख्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सात ठिकाणी मिळून १४ लढाऊ विमानं अशी तयार होती, आणि सगळी व्यवस्था बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी आखलेली.

इथे मित्राच्या बाजूनेही बोलायला हवं. सगळंच सगळ्यासाठी सदैव तयार ठेवता येत नाही. कोणत्या संकटासाठी तयार राहायचं हे निवडावंच लागतं, आणि निवड चुकू शकते. ही चर्चा जरूर करावी. पण 'वर्षभरात काही घडलं नाही, म्हणजे खर्च वाया गेला' हा हिशेबच चुकीचा. १६ फेब्रुवारी २०१७ ला मुंबईहून लंडनला जाणाऱ्या तेव्हाच्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर रेडिओ संपर्क तुटला. आत ३३० प्रवासी. आपली मराठी माणसं असणारच त्यात, कोणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेलं. जर्मनीची दोन युरोफायटर शेजारी येऊन उभी राहिली, संपर्क झाला, विमान सुखरूप लंडनला उतरलं. कोणी काही पाडलं नाही. मित्राच्या वहीत हाही अपव्ययच.

आणि उलट टोकाला १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. इशारा मिळाला तेव्हा पाकिस्तानी सेबर जवळपास डोक्यावरच होती. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना आपलं नॅट उडवलं, एकट्याने अनेकांशी झुंज दिली आणि ते परतले नाहीत. भारतीय हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. त्यांचं धाडस आपण शाळेत शिकलो. पण ते धाडस करता यावं म्हणून कोणीतरी ते नॅट भरून, तपासून, तयार ठेवलं होतं, हे कोणी शिकवलं नाही.

आता हे सगळं मला एवढं का लागतं, ते सांगतो.

ऑगस्ट २०२३. शुक्रवार उलटून गेलेला, रात्रीचे अडीच. पुण्याहून आईचा फोन. परदेशातल्या प्रत्येकाला अडीच वाजताच्या फोनचा अर्थ कळतो. बाबांना हृदयविकाराचा झटका. मी पंधरा मिनिटांत बॅग भरली. अक्षरशः पंधरा मिनिटांत, नाटोच्या दंडकात! मग पासपोर्ट उघडला. मुदत दीड महिन्यापूर्वी संपलेली. बायकोने लॅपटॉप उघडून बघितलं, तर आमच्या कायम वास्तव्याच्या व्हिसातली प्रवासाची पाच वर्षांची मुभाही संपलेली. म्हणजे गेलो असतो तरी वेगळा अर्ज केल्याशिवाय परत येता आलं नसतं. पुढे शनिवार-रविवार. मी भरलेल्या बॅगेवर बसून राहिलो. बाबांची बायपास सोमवारी झाली, शेजारच्या काकांनी फॉर्मवर सही केली. मी गुरुवारी पोचलो.

चूक पूर्णपणे माझी. पैसे होते, विमा होता, आठवड्याला व्हिडिओ कॉल होता. ज्या गोष्टीला घाई चालत नाही, तीच तेवढी करायची राहिली होती.

बाबा बरे आहेत. मी पोचलो तेव्हा नळ्यांमधून हळू आवाजात म्हणाले, "ट्रॅफिक होता का रे?"

आता आमच्या फ्रिजवर एक निळी फाईल असते. पासपोर्ट, व्हिसाच्या तारखा, बाबांच्या औषधांची यादी, डॉक्टरांचे आणि काकांचे नंबर. दर सहा महिन्यांनी मी ती तपासतो आणि वर तारीख घालून सही करतो. बार्बेक्यूच्या दिवशी त्याच मित्राने बर्फ काढताना विचारलं, "ही काय रे, नुसती पडून असते?"

हो, पडून असते. मित्रा, घरी गेलास की आधी तुझा पासपोर्ट बघ.