बीजगणित घरोघरी आले. वही कोण पाहणार?

पूस नदीकाठचे पुसद हे महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री देणारे गाव. अभियांत्रिकी महाविद्यालय तेथे १९८३ पासून आहे. भोवतालच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून शिक्षणासाठी येणाऱ्या मुलामुलींमुळे गावाला विद्येच्या केंद्राचे रूप आले आहे. परंतु याच परिसरात, आणि विदर्भ-मराठवाड्यातील अशा प्रत्येक तालुक्यात, कोणत्याही हजेरीपटावर नसलेला एक विद्यार्थीवर्ग आहे. आईवडिलांच्या स्थलांतरामुळे शाळा तुटलेला मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी, सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसणारे किंवा मुक्त विद्यालयाचा मार्ग धरणारे किशोर यांचा हा वर्ग. इतिहास-भाषा ही मुले वाचून उरकतात. त्यांची गाडी अडते ती बीजगणितापाशी.

या मुलांसाठी साधने नाहीत, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. बालभारतीची पुस्तके घरबसल्या विनामूल्य मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावर मराठीतून पाठ आहेत. खान अकॅडमीचे गणिताचे धडेही मराठीत उपलब्ध आहेत. जे ज्ञान मिळवण्यासाठी पूर्वी पुण्या-नागपूरची वाट धरावी लागे, ते हातातल्या मोबाइलवर आले आहे. याचे मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे. तंत्रज्ञानाकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्या मुलीला दुसरा कोणता पर्याय दिला आहे?

तथापि, पाठ घरी येणे म्हणजे विद्या घरी येणे नव्हे. अंकगणितातून बीजगणितात जाताना मुलाला प्रथमच ठाऊक नसलेल्या गोष्टीला नाव देऊन तिच्याशी व्यवहार करावा लागतो. एकीने क्ष किलो कापूस वेचला, दुसरीने तिच्याहून ५ किलो अधिक, दोघींचा मिळून ६५ किलो झाला; तर पहिलीचा किती? वेचणीची मजुरी किलोवर मोजणाऱ्या घरातील मुलगी याचे उत्तर तोंडी काढील. मात्र, तेच ‘२क्ष + ५ = ६५’ असे मांडायला सांगितले की ती थबकते. पुढे ३(क्ष + २) म्हणजे ३क्ष + २ असे ती लिहिते, आणि पडद्यावरचा शिक्षक शांतपणे पुढचे उदाहरण सोडवू लागतो. तिची चूक त्याला दिसत नाही. सराव-प्रश्नाचे उत्तर चुकले एवढे यंत्र सांगते; परंतु कंसाबाहेरचा ३ आतल्या दोन्ही पदांना का गुणतो, हे तिच्या शब्दांत तिला विचारणारे कोणी नसते. पाहताना सारे समजल्यासारखे वाटते. वही उघडली की हात थांबतो.

खान अकॅडमीचा आरंभ या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेतील सलमान खान या तरुणाने २००४ मध्ये दूरच्या शहरातील, नात्यातल्या एका मुलीला गणित शिकवायला घेतले. जगभर पसरलेल्या या उपक्रमाच्या मुळाशी एका वडीलधाऱ्याने एका मुलीच्या अडचणीकडे दिलेले लक्ष आहे. स्वयंशिक्षणाचे सर्वोच्च उदाहरण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. एका जुन्या सूत्रसंग्रहाच्या आधारे घरी बसून त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पण त्यांनाही १९१० मध्ये आपल्या वह्या घेऊन व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे जावे लागले आणि १९१३ मध्ये हार्डींना पत्र लिहावे लागले. असामान्य प्रतिभेलाही वही पाहणारा माणूस हवा असतो; मग सामान्य मुलांची काय कथा!

आपल्या परंपरेला हे नवे नाही. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये अज्ञात राशींशी व्यवहार करण्याचे नियम सांगितले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. त्याचा ‘बीजगणित’ हा एक भाग आहे. या गोष्टींचा अभिमान आपण व्याख्यानांतून सांगतोच. परंतु चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ उभारला आणि स्थानिक सत्ताधीशांनी त्यास दाने दिली. ग्रंथ उपलब्ध होता, तरीही शिकवणारा आणि शिकण्याची जागा यांची व्यवस्था त्या समाजाने केली.

आज हेच कर्तव्य आपल्यापुढे आहे. शासनाने साधने द्यावीत, ती अधिक चांगली करावीत, हे खरे. पण प्रत्येक घरी शासन जाऊ शकत नाही. आणि पैसा पाहून शिकवणाऱ्या बाजाराला तांड्यावरच्या मुलीत रस असण्याचे कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरी एकच मोबाइल होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घराने हा धडा पुरेसा घेतला आहे.

काम मोठे नाही, पण नित्याचे आहे. आठवड्यातून दोन सायंकाळी मंदिराच्या ओसरीवर वा समाजमंदिरात अभ्यासिका चालावी. एक मोबाइल, एक फळा आणि प्रत्येकाची वही एवढे साहित्य पुरते. निवृत्त शिक्षक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, बँकेत वा कार्यालयात नोकरी करणारे कार्यकर्ते यांपैकी एकाने तेथे बसावे. त्याने धडा पुन्हा शिकवू नये. तो मोबाइलवर आहेच. त्याने वही हाती घ्यावी आणि विचारावे, “हे पद इकडे कसे आले, सांग पाहू.” घरात सुशिक्षित माता असतील, तर त्यांनी शेजारच्या एका मुलीचा अभ्यास आपल्या मुलाबरोबर घ्यावा.

समाज संघटित करणे म्हणजे केवळ संचलने आणि सभा नव्हेत. दहावीचा अर्ज भरून घरी एकटी बसलेल्या मुलीच्या वहीवर या आठवड्यात कोणाची तरी नजर पडली का, हा प्रश्न प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक वस्तीने स्वतःस विचारावा.