झ्विंग्लीच्या हातांतील तरवार

धर्मसुधारक व रणवीर यांच्या चरित्रांची आमच्या विद्यार्थ्यांस विशेष गोडी आहे, व ती योग्यच आहे. परंतु दोघांसही एकाच मापानें मोजण्याची जी संवय पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. ह्या बाबतींत स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक उल्रिक झ्विंग्ली ह्याचें चरित्र विचार करण्याजोगें आहे. कारण तो दोन्ही यादींत बसतो. झुरिक शहरीं लिम्मात नदीच्या कांठीं १८८५ सालीं त्याचा पुतळा उभारिला. त्याच्या हातांत पवित्र शास्त्र आहे आणि तरवारही आहे.

त्या काळीं स्विस तरुण पगार घेऊन परक्या राजांसाठीं लढत, आणि त्यांस पुरविणारे पुढारी घरीं बसून तनखे खात. झ्विंग्ली सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून इटलींत गेला होता. १५१५ सालीं मारिन्यानो येथें त्याचे हजारों देशबांधव पडले. पुढें १५१९ पासून झुरिकच्या मुख्य मंदिरांत उपदेश करितांना त्यानें माणसांच्या ह्या विक्रीवर कोरडे ओढिले, व १५२२ सालीं त्या शहरानें तिला बंदी घातली. बलिष्ठांच्या मिळकतीवर हात घालणें हें रणांगणावर उभें राहण्याहून सोपें होतें काय? आम्हांस तर तेंच त्याचें खरें शौर्य वाटतें.

पुढें मात्र सत्तेची सोबत त्यास बाधली. त्याचाच एके काळचा सहकारी फेलिक्स मांझ ह्यास प्रौढांस पुन्हा बाप्तिस्मा दिल्याबद्दल नगरसभेनें १५२७ सालीं लिम्मातमध्यें बुडवून मारिलें. १५३१ सालीं जुन्या मताच्या पांच प्रांतांचें धान्य व मीठ अडविण्यांत आलें. ही उपासमार झ्विंग्लीस पसंत नव्हती, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे. पण त्याचा उपाय होता उघड युद्ध! ११ आक्टोबर रोजीं काप्पेल येथें झुरिकचे सुमारें ५०० लोक पडले, त्यांत झ्विंग्लीही होता. त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या श्रमांचें फळ असें संपूर्ण जर्मन बायबल झुरिक येथें एकत्र छापून निघालें, तें ह्याच वर्षीं.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांस मरणाच्या दारीं सोडून तो घरीं राहिला नाहीं, हें थोर नव्हे काय? थोर खरेंच, पण विरुद्ध बाजूसही त्या दिवशीं शूर पुरुष होतेच.

त्याच्या जागीं २७ वर्षांचा हाइन्रिख बुलिंगर आला. राजकारणांत न पडण्याची नगरसभेची अट त्यानें पत्करिली, उपदेशाचें स्वातंत्र्य मात्र सोडिलें नाहीं. १५७५ सालीं मरेपर्यंत त्यानें ती मंडळी सांभाळिली, व १५५५ सालीं धर्मासाठीं लोकार्नो सोडावें लागलेल्या कुटुंबांस आश्रय मिळवून दिला. आमच्या मुलांस त्याचें नांवही ठाऊक नसतें. त्यानें कोठें लढाई मारिली नाहीं ना!