८९ डॉलरची मुगाची उसळ

तुमच्याही मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जानेवारीत तो मेसेज येत असेल. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, खाली "९० दिवसांत १० किलो, घरचंच खाऊन", आणि त्याखाली पैसे भरायची लिंक. आकडा डॉलरमध्ये. भारतातून चालणाऱ्या त्याच योजनेसाठी पुण्यातल्या माझ्या मामेबहिणीने याच्या निम्मेही पैसे दिले नव्हते, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी भरले असते, कारण त्याच आठवड्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला होता. एचबीए१सी ५.९. वय ३४. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला इथे प्रीडायबेटिस म्हणतात, आणि वडिलांना चाळिशीत मधुमेह झालेला असला की तो पट्टा फारच अरुंद वाटायला लागतो. घाबरलेल्या माणसाचं पाकीट लवकर उघडतं. हा सगळा धंदा त्यावरच चालतो.

महिन्याला ८९ डॉलर, तीन महिन्यांचे आगाऊ. बदल्यात दर रविवारी एक पीडीएफ. पहिल्या महिन्यात किन्वाचा उपमा, बदामाच्या पिठाची पोळी, अर्धं ॲव्होकाडो, ग्रीक योगर्ट आणि व्हे प्रोटीनचा एक डबा. फी वेगळी आणि हा किराणा वेगळा. त्या महिन्यात आमचं ग्रोसरीचं बिल सव्वाशे डॉलरने वाढलं. पोस्टडॉकच्या पगारात सव्वाशे डॉलर दिसतात. "जरा परवडेल असं काही द्या" असं कळवल्यावर तिसऱ्या महिन्याची पीडीएफ आली. सोमवार, दुपारचं जेवण: मुगाची उसळ, काकडी, ताक.

ती उसळ मी बराच वेळ बघत बसलो होतो. वजन पाच किलो उतरलं. पैसे थांबले, पीडीएफ थांबली, आणि दिवाळीपर्यंत त्यातले चार किलो परत आले.

हा माझा वैयक्तिक राग आहे असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण माझं भांडण त्या एका योजनेशी नाही, आपण योजना निवडताना जो प्रश्न विचारतो त्याच्याशी आहे. आपण विचारतो, "सगळ्यात चांगला डाएट कोणता?" विचारायला हवं, "हा मला पाचव्या वर्षी परवडेल का?"

माझी पीएचडी पॉलिमरमधली. आहारशास्त्राशी माझा संबंध खाण्यापुरता. पण पेपर कसा वाचायचा एवढं शिकलोय, आणि फसल्यानंतर का होईना, मी ते केलं. २००५ साली बॉस्टनला टफ्ट्समधल्या संशोधकांनी १६० जणांना चार गटांत विभागून त्या वेळचे चार गाजलेले डाएट दिले: ॲटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश. वर्षाअखेरीस सरासरी घट दोन ते सव्वातीन किलोंच्या आसपास. कोणाला कोणता डाएट मिळाला यावरून फारसं काही ठरलं नाही. कोणी तो किती नेटाने पाळला, यावरून ठरलं. २०१८ साली स्टॅनफर्डला ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी पिष्टाचा. घट ५.३ किलो आणि ६ किलो, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक नाहीच. पण प्रत्येक गटाच्या आत मात्र कोणी पंचवीस किलोंहून जास्त घटवले, तर कोणाचं वजन उलट वाढलं. डाएटच्या नावात इतकी जादू असती, तर एकाच नावाखाली एवढी तफावत पडली नसती.

त्याच वर्षी आपल्याकडे दीक्षित की दिवेकर हा वाद घराघरात पेटला होता, आठवतं ना? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना ते डॉ. श्रीकांत जिचकारांची सांगतात. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं पण वेळच्या वेळी खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका. आमच्या दोन मावश्या या मुद्द्यावरून महिनाभर एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या, आणि तो वाद पॉटलकच्या टेबलांवरून इथेही पोचला. दोघींचीही वजनं उतरली, कारण दोघींनीही आयुष्यात पहिल्यांदाच येता-जाता तोंडात टाकणं बंद केलं होतं. दीक्षितांच्या मोहिमेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते त्याचे पैसे घेत नाहीत. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. आधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाणं हा गमतीचा विषय नाही.)

पण फुकट मिळणारा डाएटही फुकट नसतो, आणि इथे मला स्वतःविरुद्धच साक्ष द्यावी लागेल.

मी सकाळी आठला लॅबमध्ये असायचो. बदामाच्या पिठाची पोळी लाटताना तुटते, ती थापावी लागते, हे मला माहीत आहे ते ऐकून. थापत माझी बायको होती. ती आर्किटेक्ट आहे, पण तेव्हा जे-२ व्हिसावर वर्क परमिटची वाट बघत घरी होती. दिवसाला पाच छोटी जेवणं, त्यातली तीन डब्यातून, आणि तिचा स्वतःचा वरणभात वेगळा. मला वाटायचं, मी मोठा निश्चयी माणूस. मंडळात पाठीवर थाप पडायची. मग तिचं परमिट आलं, तिला नोकरी लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात माझा डाएट कोसळला. पीडीएफ थांबली म्हणून वजन परत आलं असं वर लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. इच्छाशक्ती म्हणून मी जे मिरवत होतो, ते तिचे दिवसाचे दोन तास होते.

त्या योजनेच्या फॉर्ममध्ये माझं वजन, उंची, झोप, पाण्याचे ग्लास, पोट साफ होतं की नाही, सगळं विचारलं होतं. स्वयंपाक कोण करतं, हे विचारलं नव्हतं. तुमच्या ग्रुपवर पुढच्या वेळी आधीचा-नंतरचा फोटो आला की एवढा एकच प्रश्न विचारून बघा. ग्रुपमधून काढलं, तर तेही उत्तरच.

म्हणून डाएटची किंमत तीन खात्यांत लिहावी लागते: फी, किराणा आणि ओट्यापुढचे तास. शिवाय तिसऱ्या खात्यात कोणाचे तास, हे नावानिशी. जाहिरातीत फक्त पहिलं खातं दिसतं.

"घरचं खा, स्वस्तात पडतं" हा आपला दुसरा आवडता उपदेश. तोही तपासून घ्या. २०१९ साली अमेरिकेच्या एनआयएचमध्ये केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. कारखान्यातलं खाताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. हा निष्कर्ष सगळे सांगतात. त्याच पेपरमध्ये खर्चही दिलाय, तो कोणी सांगत नाही: रोजच्या २,००० कॅलरींसाठी आठवड्याचं सामान कारखान्याच्या अन्नाचं १०६ डॉलर, साध्या अन्नाचं १५१. तेव्हा तुटपुंज्या स्टायपेंडवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला "पिझ्झा खाऊ नको रे" म्हणताना हा फरक कोण भरणार, तेही सांगायला हवं.

आपली सुटका एवढ्यासाठीच होते की आपल्या जेवणातला सगळ्यात कामाचा भाग देशी दुकानातल्या सगळ्यात स्वस्त फळीवर असतो. चार पौंडांची मुगाची पिशवी दोघांना रोज खाऊन पंधरा दिवस पुरते. मसूर भिजवावीही लागत नाही. कोबी, गाजर, अंडी, फ्रोजन पालक. फ्रोजन भाजीला नाकं मुरडणाऱ्यांनी फेब्रुवारीत मिनेसोटात ताजी मेथी शोधून दाखवावी. आमचा आताचा डाएट म्हणजे नेहमीचंच ताट, फक्त उलटं वाढलेलं: आधी उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि मग वाटीने मोजून भात. याचा पेपर निघणार नाही आणि याला नावही नाही.

मात्र याला "आजीचं जेवण" म्हणू नका. परदेशात आल्यावर आपण आजीच्या नावावर काहीही खपवतो. माझी आजी विहिरीचं पाणी शेंदायची, दोन मैलांवर शेतात जायची, आणि तिच्या ताटात बहुतेक दिवस भाकरी, कालवण आणि कांदा असायचा. श्रीखंड वर्षातून दोन-तीनदा. आपण तिचे सणवार तेवढे उचलले आणि दर शनिवारच्या पॉटलकला लावले. कष्ट तिथेच राहिले. साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडे, पुरी-बासुंदी एकाच टेबलावर मांडून "आपलं पारंपरिक किती पौष्टिक" म्हणणाऱ्यांना मला एक हिशेब द्यायचाय. दोघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४६ ग्रॅम तेल पोटात जातं. म्हणजे चारशेहून जास्त कॅलरी, नुसत्या फोडणी-तळणीतून. आमच्याकडे तो कॅन महिन्याच्या आधीच संपायचा. आता कॅनवर मार्करने तारीख लिहितो. खर्च शून्य, उलट तेलाचे पैसे वाचतात. तीन महिन्यांच्या पीडीएफमध्ये या कॅनचा उल्लेख नव्हता.

वजनाच्या काट्यावरही फार विसंबू नका, विशेषतः "मी कुठे जाड आहे" म्हणणाऱ्यांनी. २००४ साली लॅन्सेटमध्ये दोन शास्त्रज्ञांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला होता. एक ब्रिटनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली काठी अशी फसवी आहे. शिवणकामाची टेप दोन डॉलरला मिळते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८०च्या वर गेली, तर काटा काहीही म्हणो, लक्ष द्या.

आणि आधार हवा असेल, कोणीतरी दर आठवड्याला विचारणारं हवं असेल (मला हवं होतं, त्यात कमीपणा नाही), तर लिंकवर पैसे भरण्याआधी इन्शुरन्स कार्डाच्या मागचा नंबर फिरवा. २००२ साली अमेरिकेतल्या ३,२३४ प्रीडायबेटिक लोकांच्या अभ्यासात साध्या उद्दिष्टांनी, सात टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. त्या अभ्यासावर बेतलेले, सीडीसीची मान्यता असलेले वर्षभराचे वर्ग देशभर चालतात. कित्येक नोकऱ्यांच्या इन्शुरन्समध्ये त्यांचा खर्च बसतो. इतरांसाठी बीएमआयची अट २५ ची आहे, आशियाई लोकांसाठी २३ ची. म्हणजे आपली फसवी काठी त्यांनी आधीच धरली आहे. इंग्लंडमधल्या वाचकांसाठी एनएचएसचा असाच मोफत कार्यक्रम आहे. आपल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात यातलं अक्षर कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. त्या शिबिरात तीन टेबलं होती, आणि तिन्हींवर काही ना काही विकायला होतं.

माझ्या ७६ किलोंचे सात टक्के म्हणजे सव्वापाच किलो. चार उतरलेत, आणि चौदा महिन्यांत परत आलेले नाहीत. एचबीए१सी ५.७, म्हणजे अजून उंबरठ्यावरच. वर्गात सोळाजण होते, देशी मी एकटाच. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी एक कागद वाटला, आणि त्यावरचा दुसराच प्रश्न होता: तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं? मी "दोघं" असं लिहिलं. मग खोडून "बायको" लिहिलं. आता सोमवार ते बुधवार मी करतो. मूग रविवारी रात्री भिजत घालायचे असतात, ते अजूनही कधी कधी विसरतो, आणि त्या दिवशी मसूर होते.