कोरं पासबुक

परवा गावाकडच्या जुन्या गोठ्याच्या फळ्या काढताना एक खिळा तळपायात रुतला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, धनुर्वाताचं इंजेक्शन याआधी कधी घेतलं होतंत?" जन्मभर बँकेत नोंदी तपासलेला माणूस मी, म्हणालो, "घेतलं असेल कधीतरी!" असं उत्तर एखाद्या कर्जदाराने दिलं असतं, तर त्याला मी परत पाठवलं असतं.

घरी येऊन नातवाचं लसीकरणाचं कार्ड पाहिलं. सहावा, दहावा, चौदावा आठवडा, मग दीड आणि पाच वर्षांचे बूस्टर, सगळं चोख. सौ.लाही दोन्ही बाळंतपणांतली इंजेक्शनं आठवत होती. कोरा मीच. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला १९८५ साली, तोवर आमची पिढी नोकरीला लागली होती. बायकांना गरोदरपणात तरी लस मिळाली. पुरुषांना मिळाली ती खरचटल्यावर, मिळाली तर.

बाळांची गोष्ट मात्र खरोखर अभिमानाची. विळ्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं; दोन दिवस नीट पिणारं मूल आठवड्याभरात दूध सोडायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठायचं. बोल लागायचा नशिबाला. आईला टोचलेल्या लसीचं संरक्षण गर्भातल्या बाळालाही मिळतं. ती लस आणि स्वच्छ हातांचं बाळंतपण यांच्या बळावर २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झालं. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, शून्य नव्हे.

जंतू कुठेही गेलेला नाही. तो मातीत, शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षं पडून असतो. (गंज बिचारा निर्दोष आहे, खिळा खोल जातो, तिथे हवा पोचत नाही, आणि जंतूला तेच हवं असतं.) हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो.

आपल्याकडे मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. इंजेक्शन सहा महिनेच टिकतं, असं समजून कुणी प्रत्येक ओरखड्याला टोचून घेतो. वास्तविक सगळे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षं, मळक्या किंवा खोल जखमेला पाच वर्षं चालतात. उलट ज्याने कधीच काही घेतलेलं नाही, त्याला जखमेनंतरच्या एका सुईने लगेच संरक्षण मिळत नाही. जखम मळकी असेल तर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं. आणि पुढचे डोस घ्यायला परत जातो कोण? जखम भरली की खातं बंद!

बाळाचं कार्ड करून देणाऱ्या सरकारी दवाखान्यांनी साठीच्या शेतकऱ्याला, गवंड्याला, माळ्यालाही एक कार्ड द्यायला काय हरकत आहे? २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात 'टीटी'ऐवजी घटसर्पापासूनही जपणारी 'टीडी' लस आली आहे. तीच मला टोचली. दुसरी चार आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर सहा महिन्यांनी. तारखा सौ.ने कॅलेंडरवर लिहिल्या आहेत, दुधाच्या हिशेबाशेजारी. माझ्या स्मरणशक्तीवर तिचा विश्वास उरलेला नाही.