मूषकाची साक्ष

गेल्या श्रावणात एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही पेणनजीक हमरापुरास गेलो होतो. गणेशमूर्तींचे हे गाव. एका कारखान्यात साच्याचा लहानसा टवका उडाला होता, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीपाशी एका कानाचा उंदीर बसला होता. कारागीर हसून म्हणाला, "उणे साच्यात आहे, मातीला बोल लावून काय उपयोग?"

भोजनोत्तर स्नेह्यांच्या मातुःश्री धाकट्या सुनेविषयी बोलू लागल्या. विवाहास सहा वर्षे झाली, अद्याप कूस उजवली नाही. सोळा सोमवार झाले, औषधे झाली. "आणि चिरंजीवांची तपासणी?" आम्ही विचारले. "त्याला काय धाड भरली आहे?" सूनबाई ताटे उचलून आत गेल्या.

या प्रश्नी साक्षीस आम्हास उंदरासच पाचारण करावे लागते. ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव स्त्रियांचा, असे आपण शिकत आलो. तो रक्तातून फिरतो. परंतु पेशीत त्याला ओळखून धरणारा ग्राहक नसेल, तर तो असून नसल्यासारखा. १९९३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हा ग्राहक घडविणारे उंदराचे एकच जनुक निकामी केले. साच्यातच फरक पडला, तेव्हा पुढील प्रजाही तशीच निपजली. अशी पिले गर्भातच मरतील ही अपेक्षा होती, ती जगली. माद्या वंध्या निघाल्या, यात नवल नव्हते. परंतु दिसावयास धडधाकट नरही वंध्यच निघाले! १९९७ साली कारण उलगडले. वृषणातून निघणाऱ्या सूक्ष्म नलिकांत शुक्रजंतूंसोबतचे पाणी शोषले जाते, ते या 'स्त्रीस्रावा'च्याच हुकुमाने. ग्राहक नसता पाणी तुंबते, शुक्रजंतू विरळ होतात आणि मागे दाब बसून वृषण झिजते.

तथापि स्राव जितका अधिक तितका बरा, असेही नव्हे. मुंबईत परळ येथील प्रजनन-आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत, जनुके न बदलता, प्रौढ नर उंदरांना हे ग्राहक चाळविणारी द्रव्ये दिली गेली. तेव्हाही शुक्रजंतू घटले.

उंदराचे सारेच माणसास लागू पडत नाही, हे खरे. पण १९९४ साली असा ग्राहक नसलेला एक अठ्ठावीस वर्षांचा पुरुषही वैद्यकास आढळला. उंची २०४ सेंटिमीटर, हाडे ठिसूळ व अजून वाढतीच. शुक्रजंतूंची संख्या पुरेशी, मात्र त्यांतील जिवंत फार थोडे. असा दोष अतिविरळा. परंतु अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, असा वैद्यकाचा अनुभव आहे. पुरुषाच्या तपासणीस सूक्ष्मदर्शकाखाली एक नमुना पाहणे, एवढ्यानेच प्रारंभ होतो. स्त्रीस ज्या तपासण्या सोसाव्या लागतात, त्यांच्या मानाने हे काहीच नव्हे. आडवा येतो तो संकोच, आणि तोही बहुधा आईचा.

हे सारे आम्ही मातुःश्रींस जमेल तितक्या मर्यादेने सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. परवा स्नेह्यांचे पत्र आले. चिरंजीव पनवेलीस जाऊन तपासणी करून आले. अहवालाविषयी पत्रात अक्षर नाही. सोमवार मात्र आता उभयता करतात.